उत्तरेच्या खिडकीतलं पांढरं

७ जानेवारी

ताई,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरंच वाकलो तर कंबर सरळ व्हायला दुपार होते.

दादाला जाऊन परवा वर्ष झालं. त्या दिवशी तुझ्याशी बोलावंसं फार वाटलं. पण तुझे कान गेल्यापासून फोन म्हणजे मी ओरडायचं आणि तू "हो हो, जेवले" म्हणायचं. त्यापेक्षा कागद बरा.

आधी तुझं काम. तू पडद्याचा तुकडा पाठवला होतास, त्याच रंगाची भिंत हवी म्हणून. जुळवून सोबत नमुना पाठवतो आहे. आगपेटीएवढा तुकडा आहे म्हणून हसू नकोस, आमच्या रंगाच्या कारखान्यात मोठमोठी गिऱ्हाइकं एवढ्याच तुकड्यावर इमारती रंगवतात. मागे लिहिलं आहे ते वाच: 'उत्तरेची खिडकी, सकाळी साडेदहा', आणि खाली माझी सही. शेजारची जागा दुसऱ्या सहीसाठी. एकानं जुळवायचा आणि दुसऱ्यानं पास करायचा, तोही नमुना आणि मूळ वस्तू शेजारी शेजारी धरून, दिवसाउजेडी. सदतीस वर्षांत हा नियम मी मोडलेला नाही आणि कोणाला मोडू दिलेला नाही. तेव्हा पडदा शेजारी धर आणि मगच सही कर.

आता बातमी. गेल्या महिन्यात आमच्या कँटीनमध्ये एका आहारतज्ज्ञ बाईंचं भाषण झालं. मी डुलकी काढायच्या बेतानं शेवटच्या रांगेत बसलो होतो. पण बाई म्हणाल्या, "कॅन्सर दूर ठेवायचा असेल तर ताटात रंग हवेत," आणि मी ताठ झालो. रंगावर मला कोणी शिकवावं?

त्यांचं म्हणणं असं. अन्न जळतं, श्वास चालतो, त्यातून शरीरात काही आगाऊ कण सुटतात. ते पेशींना धक्के मारत हिंडतात आणि त्यात एखादी पेशी बिघडते. भाज्याफळांत अँटिऑक्सिडंट असतात, ते या आगाऊ मंडळींना गप्प बसवतात. गाजराचा नारिंगी, टोमॅटोचा लाल, जांभळ्या कोबीचा जांभळा, सगळी तीच जात. मला लगेच पटलं. ऑइलपेंटचा डबा उघडा राहिला की हवेनं त्यावर साय धरते. ती धरू नये म्हणून आम्ही डब्यात चमचाभर औषध घालतो. बाई सांगत होत्या ते तेच औषध, फक्त डबा म्हणजे मी.

आमच्या रंगांच्या छटांचं असतं तसं, घरी येऊन खाण्याचं शेडकार्ड केलं. अठरा चौकोन, प्रत्येकाखाली वस्तू आणि वजन. रोज सहा रंग झाले पाहिजेत. नारिंगी रोज हवाच, कारण बाईंनी त्याचं फार कौतुक केलं. शिवाय औषधाच्या दुकानातून त्याच्या गोळ्याही आणल्यात. आमच्या मास्तरीणबाई म्हणतात, घरात नवरा होता, आता ससा आहे. दुसरीच्या पोरांना शिकवून शिकवून तिला सगळ्या जगाला नावं ठेवायची सवय लागली आहे.

हस, पण ऐक. दादाच्या ताटात आयुष्यभर एकच रंग होता, तपकिरी. तळलेलं आणि खारट. त्याचे शेवटचे दोन महिने मी पाहिलेत ताई, तू नंतर आलीस. मला त्या खोलीत जायचं नाही. मला भीती वाटते, म्हणून मी गाजरं खातो. एवढं साधं आहे.

तुझा,
टिल्लू

◆

१६ जानेवारी

टिल्लू,

अठ्ठावन्न वर्षांच्या घोड्यानं अजून 'टिल्लू' अशी सही करावी हे मला आवडतं, बदलू नकोस.

पडदा शेजारी धरला, खिडकीत गेले, साडेदहा वाजायची वाटसुद्धा पाहिली. रंग पास. माझी सही केलेला तुकडा परत पाठवते आहे, फाइलला लाव. रंगारी पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला, म्हणजे पुढच्या महिन्यात.

तुझ्या ताटाबद्दल. मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, एवढाच माझा अधिकार. पण डॉक्टरांच्या शेजारी बसून खूप ऐकलं आहे, ते सांगते.

भाज्या, फळं भरपूर खाणाऱ्यांना काही प्रकारचे कॅन्सर थोडे कमी होतात, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे. 'काही' आणि 'थोडे' हे दोन शब्द तुझ्या बाईंनी म्हटले असतील, तू शेवटच्या रांगेत होतास. शिवाय ते नुसत्या अँटिऑक्सिडंटमुळे की त्यातल्या चोथ्यामुळे, की अशी माणसं एरवीही जपून राहतात म्हणून, हे वेगळं काढता येत नाही. काचेच्या बशीत ते कण गप्प बसतात हे खरं. पण माणूस म्हणजे बशी नव्हे.

आणि गोळ्या ताबडतोब बंद कर. गाजरातलं तेच द्रव्य गोळ्यांतून हजारो लोकांना वर्षानुवर्षं देऊन पाहिलं आहे. कॅन्सर टळला नाहीच, उलट सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर वाढला. तू दादा गेल्यावर सिगारेट सोडलीस, पण त्याआधी तीस वर्षं धुराडं होतास. मला सांग, तुझ्या त्या डब्यातलं औषध चमचाभराऐवजी वाटीभर पडलं तर काय होतं?

ताटातलं चालू दे. त्यात काही वाईट नाही. पण अति तिथे माती.

मास्तरीणबाईंना सांग, ससा पाळायला सोपा असतो, आवाज करत नाही.

ताई

◆

२ मार्च

ताई,

वाटीभर पडलं तर रंग वाळतच नाही. महिनाभर बोटाला चिकटतो. मानलं तुला. गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, पण गाजरं नाही.

उत्तराला उशीर झाला. आर्थिक वर्ष संपत आल्यामुळे कामाचा रेटा आहे आणि संध्याकाळी फार दमायला होतं. पण एक गंमत झाली आहे आणि ती तुला कळवल्याशिवाय राहवत नाही. मी स्वतःच नमुना झालो आहे! परवा खिडकीत पिवळ्याचं काम करत होतो तर आमचा पॅकिंगवाला म्हणतो, "साहेब, हात धुवा, रंग लागलाय." धुतले. थिनरनं पुसले. जाईना. मग लक्षात आलं की तळवाच नारिंगी झाला आहे! बसलो आणि जुळवला. सोबत तुकडा आहे: कारखान्याच्या कार्डावरचा जर्दाळू, त्यात अर्धा थेंब पिवळा. मागे उजेड, वेळ, सही सगळं रीतसर. मूळ वस्तू माझ्या मनगटाला जोडलेली असल्यानं पाठवता येत नाही. मास्तरीणबाईंनी फोनवर फोटो काढला होता, पण फोनच्या रंगावर माझा विश्वास नाही. तीन फोनांत तीन तळवे दिसतात.

बाकी ताट झकास चाललं आहे. सहा किलो उतरलो. पँटला नवीन भोक पाडलं. कारखान्यात सगळे विचारतात, काय खाता म्हणून, आणि मी शेडकार्ड दाखवतो. चौघांनी झेरॉक्स नेली. बीट वाढवलं आहे, त्यामुळे लघवी कडक चहासारखी होते, बाकी त्रास नाही. अंगाला खाज सुटते, पण ती थिनरची. सदतीस वर्षांनी थिनरला माझा कंटाळा आला असेल.

तुझी भिंत झाली का? पत्र का नाही तुझं?

टिल्लू

◆

८ मार्च

टिल्लू,

पत्र नाही कारण मी पलंगावर आहे. तेरा फेब्रुवारीला बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता मे महिन्यापर्यंत लांबचा प्रवास नाही. तुला मुद्दामच कळवलं नाही. धावत आला असतास आणि इथे बसून गाजरं किसली असतीस. शेजारची नर्स मुलगी दोन वेळा येऊन जाते. भिंत झाली आहे, आणि सध्या मी दिवसभर तीच बघते. रंग खरंच छान आहे.

आता कामाचं. विनोद बाजूला ठेव आणि हे दोनदा वाच.

गाजरानं तळवे नारिंगी होतात. त्याला काही करावं लागत नाही, गाजरं कमी केली की महिना-दोन महिन्यांत उतरतं. तुझा तुकडा बघून मी हसलेच. पण गाजरानं रंगतो तो फक्त कातडीचा भाग. डोळ्याचं पांढरं गाजरानं रंगत नाही, कितीही खा. डोळ्याचं पांढरं पिवळं होतं ते काविळीनं, आणि कावीळ हा आजार नव्हे, आत काहीतरी अडलं आहे याची ती पाटी आहे. रक्ताची नळी थोडा वेळ उभी ठेवली की वर पाणी सुटतं. असं पिवळंधमक पाणी मी किती वेळा पाहिलं आहे, आणि त्यातलं एकही गाजराचं नव्हतं.

बीटानं लघवी लालसर होते. चहासारखी होत नाही. हा फरक मी तुला सांगायचा?

तेव्हा तीन प्रश्न. एक, लघवी लाल की तपकिरी? दोन, शौचाचा रंग फिका पडला आहे का, मातकट पांढरा? तीन, डोळ्याचं पांढरं जुळव आणि तुकडा पाठव. तुझ्या खिडकीत, तुझ्या वेळेला, तुझ्या पद्धतीनं. तुझ्याशिवाय हे काम माझ्यासाठी कोण करणार?

लगेच लिही.

ताई

◆

१६ मार्च

ताई,

तू पडलीस आणि मला कळवलं नाहीस, हे मी विसरणार नाही. चांगली हो, मग भांडतो. काठी घे, आणि बाथरूममध्ये रबराची चटई टाक. नर्सला माझा नमस्कार सांग. पलंगावर पडल्या पडल्या पायाचे पंजे हलवत राहावं असं मी कुठेतरी वाचलं आहे.

तुझं पत्र वाचून मास्तरीणबाई घाबरतील म्हणून दाखवलं नाही. उगाच राईचा पर्वत. लॅबवाल्यांना सगळीकडे आजार दिसतो, त्यात तुझा दोष नाही. आमच्याकडेही नवीन पोरगं लागलं की वर्षभर त्याला प्रत्येक डब्यात चूक दिसते.

लघवीचं मी नीट पाहिलेलं नाही. दुसरा प्रश्न पत्रात लिहिण्यासारखा नाही. तिसऱ्याचं उत्तर सोबत आहे. साधं पांढरं, कार्डावरचा पहिला चौकोन. झालं समाधान?

आणि ताई, थोडा विचार कर. मी काय खात नाही? पालक, टोमॅटो, लाल भोपळा, जांभळा कोबी, डाळिंब, द्राक्षं. तळलेलं बंद, सिगारेट बंद, साखर बंद. एक दिवस चुकवलेला नाही. शेडकार्डावर रोज खूण केली आहे, येऊन बघ. दादानं यातलं काहीही केलं नाही आणि त्याला झालं. मी सगळं केलं. मग मला होईल कसं? काही न्याय आहे की नाही?

कारखान्यात ऑर्डर मोठी आहे, आता पंधरवडाभर लिहिता येणार नाही. काळजी करू नकोस.

टिल्लू

◆

२० मार्च
(कुरिअरनं, मास्तरीणबाईंच्या शाळेच्या पत्त्यावर)

टिल्लू,

हे पत्र तुझं आहे, पण आधी तुझी बायको वाचेल. तू माझं पत्र तिच्यापासून लपवलंस, म्हणून तुझा हक्क गेला.

तुझा पांढरा तुकडा आला. पुढची बाजू बघून मी सुटकेचा श्वास टाकला. मग सवयीनं उलटा केला. मागे बारीक पेन्सिलीनं लिहिलं आहे: 'बाथरूम, पिवळा बल्ब, संध्याकाळी सात'.

पिवळ्या बल्बखाली पांढऱ्यावरचा पिवळा दिसत नाही, हे मला कोणी शिकवलं? तूच. मी नवीन घर घेतलं तेव्हा दुकानात रंग पास करत होते, तर तू माझा हात धरून मला फुटपाथवर आणलंस आणि म्हणालास, बल्बखाली रंग बघणारा स्वतःलाच फसवतो. सदतीस वर्षांत तू एक नमुना बल्बखाली जुळवला नाहीस आणि स्वतःचा डोळा तेवढा बाथरूममध्ये जुळवलास. तेही खोटं लिहवेना म्हणून खरा उजेड लिहिलास, फक्त बारीक. सही मात्र केली नाहीस. चोराच्या मनात चांदणं, टिल्लू. तू आधी खिडकीत पाहिलं आहेस.

आता तुला एक सांगते, ते कोणालाच सांगितलेलं नाही. दादानं जाण्याच्या दोन वर्षं आधी मला लिहिलं होतं. शौचातून रक्त पडतं, मूळव्याध असेल ना, असं विचारलं होतं. मी उलट टपाली लिहिलं, 'असेल.' एका शब्दाचं उत्तर, कारण मला घाई होती, आणि कारण मलाही तेच असायला हवं होतं. एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई मी. एक तपासणी करून घे, एवढं लिहायला काय लागत होतं? ते पत्र त्याच्या कपाटात सापडलं. तुम्ही सगळे बाहेर होतात तेव्हा मी ते फाडलं. वर्षभर तू त्याच्या ताटाला दोष देतो आहेस आणि मी गप्प बसून ऐकते आहे.

मी दुसऱ्यांदा 'असेल' म्हणणार नाही. गाजर असेल, बीट असेल, थिनर असेल, असलं कुठलंच 'असेल' आता चालणार नाही. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. रक्त आणि सोनोग्राफी, दोन्ही. काहीच निघालं नाही तर जन्मभर माझी थट्टा कर, मी हसत ऐकेन. ऐकू येत नाही तरी.

न्यायाचं विचारलंस. खाणं म्हणजे कोर्ट नव्हे. चांगलं खाल्लं की धोका कमी होतो, संपत नाही. धोका कमी करायला ताट असतं. उरलेल्यासाठी डोळे असतात, आणि तू ते मिटलेस.

पाय हलत नाही म्हणून लिहिते आहे, नाहीतर आतापर्यंत तुझ्या दारात असते.

ताई

◆

२ एप्रिल

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मधल्या सुट्टीत मिळालं. वर्गाला शुद्धलेखन दिलं आणि तिथेच वाचलं. मुलांनी विचारलं, बाई रडताय का? मी म्हटलं, खडू गेला डोळ्यात.

तुम्हाला राग येईल, पण माझंही चुकलं. एका घरात राहून मला दिसलं नाही. रोज थोडा थोडा बदलणारा रंग शेजारच्याला दिसत नाही, असं हे म्हणतात. कदाचित असेल, कदाचित मलाही बघायचं नव्हतं.

घरी जाऊन मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा कळवली. सकाळी साडेदहाला यांना उत्तरेच्या खिडकीपाशी उभं केलं, एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात यांचंच कारखान्याचं शेडकार्ड दिलं, आणि म्हटलं, जुळवा. आधी हसले. मग चिडले. म्हणाले, हातच्या काकणाला आरसा कशाला? मी म्हटलं, काकण असतं तर नसता दिला. मग मात्र कामाला बसले. ताई, मी यांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. चेहरा अगदी शांत झाला. पहिला चौकोन धरला, नाही. दुसरा, नाही. तिसरा आणि चौथा यांच्यामध्ये थांबले. म्हणाले, "मलई, आणि वर दोन थेंब पिवळा. चांगला पिवळा आहे." तुकडा केला, मागे खिडकी आणि वेळ लिहिली, सही केली. माझ्यापुढे धरला. मी शेजारी बघून सही केली. मग खाली बसले आणि म्हणाले, पंधरा दिवसांपूर्वी कारखान्याच्या खिडकीत दिसलं होतं, तेव्हा आरसा पालथा घातला.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. रक्तात कावीळ भरपूर निघाली. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली. मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, तिथे स्कॅन झाला. मग तोंडातून दुर्बीण घालून नळीत छोटी जाळी बसवली, त्यानं पित्त वाहू लागलं आणि खाज थांबली. दुर्बिणीतून तुकडाही तपासायला घेतला. काल रिपोर्ट आला. नळी जिथे आतड्यात उघडते त्या तोंडाशी गाठ आहे, आणि ती कॅन्सरची आहे. बोराएवढी.

सर्जन स्पष्ट बोलणारे आहेत. म्हणाले, ऑपरेशन मोठं आहे, सहा-सात तासांचं, पण गाठ लहान आहे आणि आत्ता तरी पसरलेली दिसत नाही. या जागेची गाठ लवकर रंग दाखवते, हे नशीब. रंग बघितला हे शहाणपण. आणखी दोन-तीन महिने गाजरावर ढकललं असतं तर मी वेगळं बोललो असतो, असंही म्हणाले. यांनी विचारलं, मी चार महिने इतकं जपून खाल्लं, तरी का? सर्जन म्हणाले, तुम्ही खाल्लंत ते चांगलंच केलंत, पण ही गाठ तुमच्या शेडकार्डाच्या आधीपासून वाढत असू शकते.

ऑपरेशन अकराला आहे. दादांबद्दलचं तुम्ही लिहिलेलं यांनी तीन वेळा वाचलं. काय वाटलं ते तेच लिहितील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, एवढं मी माझ्याकडून सांगते.

तुमची,
मास्तरीण

◆

२८ मे

ताई,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. पोटावर उशी ठेवून लिहितो आहे. पोटाला टाके इतके घातलेत की मास्तरीणबाई म्हणतात, आता तुम्हाला उताणं झोपवलं तर चेन लावलेली बॅग दिसेल.

ऑपरेशन झालं हे तुला कळलंच आहे. अठरा दिवस हॉस्पिटलमध्ये होतो. पहिले पाच दिवस आठवत नाहीत, पुढचे तेरा आठवले नसते तर बरं झालं असतं. काढलेल्या गाठीचा रिपोर्ट चांगला आहे: कडा मोकळ्या, आसपासच्या ग्रंथींत कॅन्सर पोचलेला नाही. तरी पाच वर्षं तपासण्या. सर्जन 'बरे झालात' म्हणत नाहीत, 'सध्या ठीक' म्हणतात. मला तो माणूस आवडतो. तोही दिवसाउजेडी बोलतो.

सध्या थोडं थोडं, सहा वेळा, मऊ खायचं. गाजर उकडून दोन चमचे. रंग विचारत नाही.

दादाचं. आधी मला राग आला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. मग आठवलं की तो माझ्याही घरी आला होता, तेव्हाच. त्याचा चेहरा फिका दिसला होता. मी, चार प्रकारचं पांढरं ओळखणारा माणूस, म्हटलं, 'प्रवासानं असेल.' हेही कोणाला सांगितलेलं नाही. तुझा एक 'असेल' आणि माझा एक. तू पत्र फाडलंस आणि मी त्याच्या ताटाला शिव्या दिल्या. आता दोघांनीही थांबायला हरकत नाही.

एक विचारायचं आहे, आणि मला लॅबवालीचं उत्तर हवं, बहिणीचं नको. ते सगळं खाणं फुकट गेलं का? चौघांनी माझ्या कार्डाची झेरॉक्स नेली आहे. त्यांना काय सांगू?

सोबत तुकडा आहे. काल जुळवला. उत्तरेची खिडकी, सकाळी साडेदहा. डोळ्याचं साधं पांढरं, कार्डावरचा पहिला चौकोन, खरोखरचा. सही केली आहे. दुसरी जागा तुझी. मास्तरीणबाई करायला तयार होत्या, पण मी थांबवलं. करून परत पाठव, फाइलला लावतो.

टिल्लू

◆

४ जून

टिल्लू,

लॅबवालीचं उत्तर: माहीत नाही. कोणालाच कळणार नाही. त्या खाण्यानं दुसरं काही टळलं असेल, नसेलही. जे झालं नाही ते नळीत भरून तपासता येत नाही. चौघांना सांग, ताट चालू ठेवा, गोळ्या घेऊ नका, सिगारेट सोडा, आणि कार्डाच्या खाली मोठ्या अक्षरात एक ओळ वाढवा: 'अंगात काही बदललं तर हे कार्ड दाखवू नका, डॉक्टरांना अंग दाखवा.' गाजरानं गाजराचं काम करावं, खिडकीनं खिडकीचं.

बहिणीचं उत्तर तू नको म्हणालास, तरी देते. तू घाबरून खाल्लंस, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी हसले, ते चुकलं. तुझं दादाचं वाचून मी रडले आणि मग शांत झोपले. वर्षभरात पहिल्यांदा.

तुकडा परत पाठवते आहे. मागची जागा कोरीच ठेवली आहे, रागावू नकोस. नमुना आणि मूळ वस्तू शेजारी शेजारी धरल्याशिवाय पास करायचं नाही, हा तुझाच नियम. पडदा माझ्याकडे होता म्हणून तेव्हा मी सही केली. या वेळची मूळ वस्तू तुझ्याकडे आहे.

डॉक्टरांनी काल मला प्रवासाची परवानगी दिली. काठी घेऊन मंगळवारच्या बसनं निघते आहे. बुधवारी सकाळी साडेदहाला खिडकीपाशी उभा राहा. पेन मी आणते.

ताई